अननस, नारळ आणि चव नसलेली दारू

‘पिन्या कोलादा’ या स्पॅनिश नावाचा अर्थ ‘गाळलेला अननस’ एवढाच होतो. नावात नारळ नाही आणि दारूही नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी क्यूबात या नावाने जे पेय मिळे त्यात अननस, लिंबू, साखर आणि रम असे. नारळाचे घट्ट गोड दूध त्यात पुढे प्वेर्तो रिकोत आले. त्यानंतर रमच्या जागी वोडका घालून याच पेयाची दुसरी आवृत्ती निघाली. तिला ‘ची-ची’ म्हणतात, आणि हवाई बेटांवरील हॉटेलांनी तिला आपलेसे केले. पाठचिकित्सेच्या भाषेत बोलायचे तर हा एका शब्दाचा पाठभेद आहे. एका शब्दाने पाठाचा अर्थ किती बदलतो हे साहित्याच्या अभ्यासकांना वेगळे सांगायला नको. या पाठभेदाने काय पुसले गेले, याचा शोध आम्हांला येथे घ्यायचा आहे.

आद्य निर्माता कोण, हा वाद लवकर आटोपता घेतलेला बरा. सान हुआनमधील कारीबे हिल्टन हॉटेलातील रामोन मारेरो यांनी १९५४ साली हे पेय सिद्ध केले, असे ते हॉटेल सांगते. त्याच शहरातील बाराचीना हे उपाहारगृह १९६३ सालाचा आणि आपल्या माणसाचा दावा दगडी फलकावर कोरून बसले आहे. १८२५ मध्ये देहदंड झालेल्या कोफ्रेसी या चाच्यालाही काहीजण या श्रेयात ओढतात. आद्य मराठी ग्रंथाविषयीचे आपले वाद ज्यांनी वाचले आहेत त्यांना हा सूर ओळखीचा वाटेल. आमच्या मते खरे श्रेय तंत्राला आहे. विजेवर चालणारे मिक्सर तोवर सर्वत्र झाले होते, आणि प्वेर्तो रिको विद्यापीठातील कृषिशास्त्राचे प्राध्यापक रामोन लोपेस इरिसारी यांनी नारळाचे दूध साखरेसह डब्यात टिकवण्याची युक्ती काढली होती. विळीवर नारळ खोवून, वाटून, पिळून ज्यांनी दूध काढले आहे, त्यांना या डब्याची किंमत चटकन कळेल. १९७८ साली प्वेर्तो रिकोने या पेयाला आपले अधिकृत पेय म्हणून घोषित केले.

राष्ट्रीय ठरलेल्या या पेयात त्या भूमीचे स्वतःचे असे काय आहे? नारळ कॅरिबियनचा नव्हे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवले की अटलांटिक किनाऱ्यांवरील माड हे हिंदी महासागरातील माडांचे वंशज आहेत. पोर्तुगीजांनी ते आफ्रिकेला वळसा घालून केप व्हर्देला नेले आणि तेथून ते पलीकडे गेले. ज्या जहाजांनी नारळ तिकडे नेला, त्यांच्याच जातकुळीतल्या जहाजांनी अननस इकडे आणला. ‘अननस’ हा शब्द ब्राझीलच्या तुपी भाषेतून पोर्तुगीजांच्या तोंडून मराठीत आला. फिरंग्यांच्या बंदरांतून येणारे हे फळ आग्र्याच्या बागेत वर्षाला हजारोंनी पिकते, अशी नोंद जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात केली आहे. म्हणजे कोकणच्या परसात अननस आणि सान हुआनच्या किनाऱ्यावर माड, ही दोन्ही दृश्ये एकाच व्यापारी देवघेवीची फळे होत. दोन्ही आज इतकी सनातन भासतात की त्यांना परकी म्हणणाऱ्याला लोक हसतील.

ऊसही तसाच आलेला. कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत तो बरोबर नेला. त्याच सफरीत ग्वादेलूप बेटावर त्याला अननस भेटला. पण उसाबरोबर जे आले ते फळाबरोबर आले नव्हते. साखरेच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून माणसे गुलाम करून आणली गेली, आणि साखरेच्या मळीपासून रम निघाली. प्वेर्तो रिकोत गुलामगिरी संपली ती १८७३ साली; तीही सुटलेल्यांना आणखी तीन वर्षे सक्तीच्या कराराने बांधून. फेर्नांदो ओर्तिस यांनी १९४० मध्ये क्यूबाचा इतिहास तंबाखू आणि साखर यांच्या झगड्यासारखा लिहिला, तो याच जाणिवेने. सिडनी मिंट्झ हे मानववंशशास्त्रज्ञ १९४८-४९ मध्ये प्वेर्तो रिकोच्या दक्षिण किनाऱ्यावर ऊसतोड मजुरांत राहत होते. सरकारी पैशाने बांधलेले कारीबे हिल्टन डिसेंबर १९४९ मध्ये पाहुण्यांसाठी उघडले. एकाच बेटावरची ही दोन दृश्ये एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत, असे आम्हांला वाटते. रम घातलेल्या पेल्यात निदान त्या मजुराच्या उसाचा वास तरी राहतो.

वोडका हा वासच काढून टाकते. अमेरिकेत ती १९३४ पासून थोड्या प्रमाणात बनू लागली आणि कित्येक वर्षे खपेना. १९४१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ती आल्याच्या बिअरमध्ये मिसळली गेली, तेव्हा तिला गिऱ्हाईक मिळू लागले. १९४९ च्या अमेरिकी नियमाने तर तिची व्याख्याच नकारांनी केली: विशेष गुण, गंध, चव वा रंग नसलेली दारू. (‘नेति नेति’ची आठवण होणे अपरिहार्य आहे, पण तो मोह येथेच आवरतो.) २०२० मध्ये ही अट काढण्यात आली. तोवर वोडकाने आपले काम केले होते. १९७० च्या दशकाच्या मध्यास तिने तेथे व्हिस्कीलाही मागे टाकले होते. जिला स्वतःचे काही सांगायचे नाही ती कोणत्याही फळाशी जुळते. ‘ची-ची’ची चव म्हणूनच स्वच्छ लागते. फळ पुढे येते आणि मळा दिसेनासा होतो.

पण पुरता नाही. हवाईतील राणी लिलिउओकलानी यांची सत्ता १८९३ मध्ये उलथवण्यात आली, आणि १८९८ मध्ये अमेरिकेने ती बेटे आपल्यात सामील केली. त्याच वर्षी स्पेनशी झालेल्या युद्धात प्वेर्तो रिकोही तिच्या हाती गेले. पुढच्या वर्षी प्वेर्तो रिकोवर मोठे चक्रीवादळ आले, शेती उद्ध्वस्त झाली, आणि १९००-०१ मध्ये तेथील सुमारे पाच हजार माणसे हवाईच्या उसाच्या मळ्यांत मजुरीला नेली गेली. १९०१ मध्येच जेम्स डोल यांची अननस कंपनी तेथे सुरू झाली. १९२२ मध्ये तिने लनाई हे जवळजवळ संपूर्ण बेट विकत घेतले. तेथील शेवटचे पीक निघाले ते १९९२ मध्ये. वोडकाने उसाचा इतिहास गाळला, तरी डब्यातल्या अननसाने दुसऱ्या मळ्याचा इतिहास पेल्यात आणलाच.

आता कृती. साधारण ५० मिली वोडका, तिच्या दुप्पट-अडीचपट अननसाचा रस, ३० ते ४० मिली नारळाचे घट्ट गोड दूध आणि मूठभर ठेचलेला बर्फ एकत्र घुसळावे. लिंबाचे थेंब अवश्य घालावेत. त्यांच्यावाचून ते मिष्टान्न होते. ताज्या अननसात गायीचे दूध घालू नये, कारण त्यातील ब्रोमेलेन दुधातील प्रथिन तोडते आणि कडवटपणा येतो. नारळाच्या दुधात ते प्रथिन नसल्याने ही अडचण येत नाही. सोबत गोड पदार्थ ठेवणे आम्हांला चुकीचे वाटते. जिभेवर बसलेली स्निग्धता कापायला मीठ, आंबटपणा आणि तळणीचा कुरकुरीतपणा लागतो. तिखटाबाबत थोडे जपावे: नारळाची स्निग्धता मिरचीची आग शमवते, दारू ती वाढवते, तेव्हा ताट झणझणीत असेल तर वोडका कमी करावी. नारळाचे दूध आणि आंबट एकत्र आणून तळलेल्या मासळीला जोड देण्याची रीत आपल्याकडे सोलकढीने कधीच रूढ केली आहे, आणि तिला दारूची गरज पडलेली नाही.

प्वेर्तो रिकोत या पेयाशेजारी बाकालाईतो येतात, म्हणजे खारवलेल्या कॉड माशाची पातळ भजी. हा मासा उत्तर अटलांटिकमधून येई. गुलामांना पोसायला स्वस्त म्हणून तो मळ्यांवर जात असे. दुसरा पदार्थ मोफोंगो: मूळच्या आग्नेय आशियातील हिरवी केळी तळून, लसूण आणि डुकराच्या कुरकुरीत चामडीबरोबर लाकडी उखळीत कुटायची. कुटण्याची ही पद्धत पश्चिम आफ्रिकेच्या फुफूची. पेल्यात रम असो की वोडका, ताटातला हा लसणाचा आणि मिठाचा वास मात्र तसाच असतो.