पायाखालचा भरवसा

जुनी प्रीमियर पद्मिनी जपणारी हौशी माणसं अजून आहेत. त्यांच्या गप्पांत एक तक्रार हमखास निघते, ब्रेक नरम लागतो. पायडल आधी खाली जातं आणि मग गाडी थांबायचं मनावर घेते. मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं मोठा मास्टर सिलेंडर टाक, कुणी म्हणतं स्टीलची जाळी असलेले होजपाइप लाव. पायडल कडक हवं, एवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत!

हा हट्ट जवळजवळ शंभर वर्षांचा आहे. सुरुवातीच्या मोटारींत पायडलपासून चाकापर्यंत लोखंडी सळ्या किंवा तारा असत. चारही चाकांना सारखा ओढा देणं हे मोठं कष्टाचं काम होतं. एक सळी जरा सैल पडली की गाडी एका अंगाला ओढायची. माल्कम लॉकहीड या अमेरिकन माणसाने सळीच्या जागी तेल घातलं. बंद तेलावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकातच सांगून ठेवलं होतं. 1921 मध्ये ड्युसेनबर्गच्या आणि 1924 मध्ये क्रायस्लरच्या गाडीत तेलाचे ब्रेक आले. फोर्डने मात्र 1939 पर्यंत सळ्याच ठेवल्या. गळू शकणाऱ्या तेलावर जीव कसा सोपवायचा, ही शंका त्या काळी अनेकांना होती, आणि ती अगदीच खुळी नव्हती.

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट आणि पुढे तिचंच नाव बदलून झालेली पद्मिनी, या दोघींनाही चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. ड्रममध्ये शू आणि ड्रम यांच्यात फट असते. लायनर झिजला की फट वाढते आणि पायडल आणखी खाली जातं. म्हणजे निम्म्या वेळा तरी "नरम ब्रेक"चं औषध दुकानात नसतंच. शू नीट सेट करायचे, चारही चाकांची हवा काढायची, जुनं तेल बदलायचं, फुगणारे रबरी होज नवे टाकायचे, आणि सिलेंडरचं किट खराब झालं असेल तर बदलायचं, की पायडल वर येतं.

आता मोठ्या मास्टर सिलेंडरचं बघू. समजा 19 मिलिमीटरच्या जागी 22 चा बसवला. त्याचं क्षेत्रफळ सुमारे एक तृतीयांशाने वाढतं. तेवढंच तेल ढकलायला पायडल कमी जातं, म्हणून ते कडक लागतं. पण चाकाशी तेवढाच दाब हवा असेल तर पायाला एक तृतीयांश जोर जास्त लावावा लागतो! पायाला वाटतं ब्रेक सुधारला, आणि प्रत्यक्षात गाडी थांबवणं जड झालेलं असतं. कडकपणा आणि ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बूस्टर बंद पडला तरी पायडल दगडासारखं कडक होतं. त्याला कुणी चांगला ब्रेक म्हणेल का?

आमच्या वऱ्हाडात हा फरक सहज कळत नाही. अमरावतीहून बडनेरा, नांदगाव खंडेश्वर करत यवतमाळकडे निघालं की बराचसा मोकळा मुलूख. खरी परीक्षा चिखलदऱ्याचा घाट उतरताना. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 जातीचं नवं तेल किमान 230 अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. पाणी शोषलेल्या तेलाला हीच मर्यादा 155 अंशांची. उतारावर सतत ब्रेक दाबून ते उकळलं की वाफ होते, वाफ दबते, आणि सकाळी कडक असलेलं पायडल वळणावर सरळ तळाला जातं. पायाने दिलेली साक्ष अशी अर्धवटच असते.

आता तर नांदगाव खंडेश्वर तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला. मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मुभा. साठच्या वेगाची गाडी थांबवताना ब्रेक जेवढी उष्णता पचवतात, त्याच्या चौपट 120 ला पचवावी लागते. एबीएस 2019 पासून नव्या मोटारींत सक्तीचं झालं, म्हणजे पाय आणि चाक यांच्यामध्ये आता संगणकही येऊन बसला.

सळी गेली, तेल आलं, बूस्टर आला, संगणक आला. प्रत्येक पायरीला गाडी लवकर थांबू लागली आणि चाकाशी काय चाललंय हे पायाला थोडं कमी कळू लागलं. कडक पायडलाचा हट्ट म्हणजे ते हरवलेलं कळणं परत मागणं, असं मला वाटतं. मागणी रास्त आहे. फक्त नवा सिलेंडर घेण्याआधी दोन कामं करावीत. बाटलीतलं तेल किती जुनं आहे ते बघावं, आणि मोकळ्या जागी गाडी खरंच किती अंतरात थांबते ते मोजावं. भरवसा त्या अंतरावर ठेवावा.