कोनाचं होय हे? वारीच्या सामानाची नावं



दिंडीच्या शंभर वर्षांचा इतिहास मांडताना विणेकरी कोण, चोपदार कोण, मुक्काम कुठं, हे सगळे लिहितात. वारकरी घरून काय घेऊन निघाला आणि त्याला काय म्हणत होता, हे मात्र कोणी लिहीत नाही. ते आम्ही इथं लिहीत आहोत.

जुन्या माणसाचं सामान एका खांद्यावर मावायचं. पडशीचा एक खण पुढं, एक मागं. पुढच्यात टाळ, बुक्का, गोपीचंदन. मागच्यात शिदोरी अन् एक धोतर. वर घोंगडी, हातात पाण्याचा गडवा. वळली ती वळकटी, गाठ मारली ते गाठोडं; आत काय आहे हे त्या शब्दांवरून कळत नाही, कसं बांधलं तेवढं कळतं. पैसा कनवटीला नाहीतर कमरेच्या कशात, बायांचा पदराच्या गाठीत. आता या सगळ्याला एकच शब्द झाला, बॅग. म्हाताऱ्या तेवढ्या अजून थैली म्हणतात.

आपल्या वऱ्हाडी बोलीत ळ चा य होतो. टाळ झाला टाय, तुळस झाली तुयस, आणि गळ्यातली माळ झाली माय. म्हणजे जन्म देणारी अन् गळ्यातली, दोघी एकाच हाकेला ओ देतात. पंढरपुरात याला कोणी हसलं तर हसू द्यावं.

घरी ठेवून जायचं त्याला मोठे शब्द होते. चीजवस्तू, मालमत्ता, जिंदगी. चीजवस्तूत चीज फारसी अन् वस्तू संस्कृत, अर्थ दोन्हींचा एकच. जिंदगी म्हणजे जगणं, पण कचेरीच्या कागदात जिंदगी म्हणजे इस्टेट, स्थावर आणि जंगम. 1853 साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेलं, तरी हे शब्द कागदातून गेले नाहीत.

पैनगंगा ओलांडली की मुलूख बदलायचा. आज वाशिम अन् हिंगोली शेजारचे जिल्हे आहेत. शंभर वर्षांपूर्वी नदीच्या अलीकडं इंग्रजी अंमल, पलीकडं निजामाचं राज्य, आणि पुढं पंढरपूर पुन्हा इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. अलीकडं कलदार रुपया, पलीकडं हाली सिक्का. निजामाच्या जकात खात्याला करोडगिरी म्हणत. म्हणून कनवटीला किती आहे एवढं माहीत असून भागत नसे, कोणतं नाणं आहे हेही पाहावं लागे. 1956 साली विदर्भ अन् मराठवाडा एका राज्यात आले.

आता जनाबाईची गोष्ट. महिपतीबुवांनी 1762 साली भक्तविजय पुरा केला, त्यात ती आहे. देव रात्री जनीच्या घरी राहिला. पहाटे काकड्याची घाई झाली तेव्हा अंगावरचा शेला अन् पदक तिथंच विसरला आणि जनीची वाकळ पांघरून देवळात आला. पदक जनीच्या घरी सापडलं, म्हणून ती चोर ठरली, सुळापर्यंत गोष्ट गेली. तिची वाकळ देवाच्या अंगावर सापडली, पण देवाला कोणी चोर म्हटलं नाही! कीर्तनात हा प्रसंग देवाच्या प्रेमासाठी सांगतात, ते बरोबरच आहे. आम्हाला त्यात गरिबाच्या वस्तूची किंमतही दिसते.

मराठीत 'आमचं' आणि 'आपलं' हे दोन वेगळे शब्द आहेत. आमच्यात ऐकणारा धरलेला नसतो, आपल्यात असतो. घरी 'माहं' अन् 'तुहं' चालतं. मुक्कामावर काही सापडलं की हाक येते, "कोनाचं होय हे?" कढई असो की सतरंजी, उत्तर एकच, "आपलं होय." वीणा तर खाली ठेवायचीच नाही, ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, देणारा घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. "माही वीणा" असं कोणी म्हणत नाही. माळ मात्र ज्याची त्याची, ती उसनी घेत नाहीत.

हल्ली पखवाजावर, ताडपत्रीवर, पाण्याच्या टाकीवर देणाऱ्याचं नाव तीन तीन ओळींत रंगवतात. मग पावसात "ती आमची ताडपत्री" असं ऐकू येतं. नाव वहीत लिहावं, वस्तूवर दिंडीचं असावं, असं आमचं मत आहे. भांड्यावर नाव कोरायची रीत जुनीच, पण ती लग्नातल्या भांड्यांची. माहेरच्या नावाचा तो गंज किंवा गडवा हीच पुष्कळ बायांची 'माहं' म्हणता येईल अशी वस्तू होती. ती भांडी अन् गाठीचं किडूकमिडूक मोडून बायांनी दिंडीला दिलं, आणि वहीत नाव चढलं नवऱ्याचं.

ज्या घरात अशी आजी होऊन गेली असेल त्यांनी तिचं स्वतःचं नाव अन् तिनं काय दिलं ते एकादशीला भजनाच्या वेळी येऊन सांगावं. वहीची मागची पानं त्यासाठी कोरी ठेवली आहेत.