बेवड, शेणखत आणि युरियाची रांग

खरीप आला की दोन पोस्टी हमखास फिरतात. एक म्हणते, रासायनिक खत म्हणजे विष. दुसरी म्हणते, शेणखतानं देशाचं पोट भरत नाही. दोघांनीही जरा मागं जाऊन बघावं.

जुन्या माणसांचा एक शब्द आहे, बेवड. आधीचं पीक जमिनीत जे मागं ठेवून जातं ते. तुरीचा, हरभऱ्याचा बेवड चांगला, हे कुणी शाळेत शिकवलं नव्हतं. १८८९ मध्ये इंग्रज सरकारनं व्होएलकर नावाच्या रसायनतज्ज्ञाला इथली शेती कशी सुधारायची ते बघायला धाडलं. गडी वर्षभर हिंडला आणि १८९३ च्या अहवालात त्यानं आपल्या फेरपालटीचं, मिश्रपिकांचं कौतुकच केलं. गंमत बघा, कडधान्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, हे जर्मनीत सिद्ध होऊन तेव्हा जेमतेम काही वर्षं झाली होती. दुखणंही त्यानं नेमकं सांगितलं. सरपण नाही म्हणून शेण चुलीत जातंय.

इंग्लंडात रोथॅमस्टेडला १८४३ पासून एकाच रानात गव्हावर खतांचा प्रयोग चालू आहे, अजूनही. सुरू करणारा जॉन लॉज स्वतः सुपर फॉस्फेटचा कारखानदार, तरी शेणखताचा तुकडा त्यानं शेजारीच ठेवला. आपल्याकडं भारतीय कृषी संशोधन परिषदेनं १९७० पासून असेच प्रयोग मांडले. जबलपूरची जमीन काळी, विदर्भासारखी. तिथं सोयाबीनवर गहू. नुसतं नत्र दिलेले तुकडे मागं पडले. नत्र, स्फुरद, पालाश आणि सोबत शेणखत दिलेले टिकले, जमिनीतला सेंद्रिय कर्बही वाढला. पालमपूरच्या आम्लधर्मी जमिनीत तर नुसत्या नत्रावरचा मका-गहू अक्षरशः शून्यावर आला.

मग आपण हे करत का नाही? उत्तर खताच्या दुकानात कमी, गोठ्यात जास्त आहे. पूर्वी ज्वारीत तुरीची तासं असायची. कडबा बैलांना, शेण रानाला. सोयाबीन आलं, चार पैसे हातात आले, ते खोटं नाही. पण ज्वारी गेली आणि तिच्यासोबत कडबा गेला. ट्रॅक्टर आला, बैल विकले. कडधान्याचा बेवड राहिला, उकिरडा रिकामा झाला.

वर २०१० मध्ये केंद्रानं अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आणलं आणि युरिया त्यातून बाहेर ठेवला. स्फुरद, पालाश महागलं, युरिया जागच्या जागी. ४५ किलोची गोणी आजही पावणेतीनशेच्या आत. शेणखताची ट्रॉली हजारांत, आणि ती विकणारा गावात एखादाच.

कृषी खात्याच्या पत्रकात दरवर्षी असतं, हेक्टरी अमुक गाड्या चांगलं कुजलेलं शेणखत टाका. ते आणायचं कुठून, हा रकाना त्यात नसतो. तुमच्या गावात किती दावणी उरल्यात, खाली लिहा.