थर्मोस्टॅट काढून टाका : एका जुन्या पॅचची गोष्ट

उल्हासनगर ते बदलापूर कुठल्याही गॅरेजमध्ये जाऊन "गाडी गरम होते" म्हणा, पहिला सल्ला बहुतेक ठरलेला असतो. "साहेब, थर्मोस्टॅट काढून टाका. टेन्शनच नाही!" गेल्या महिन्यात मलाही मिळाला. हा सल्ला मुळात आला कुठून, हे बघायला बसलो आणि मागे मागे जात थेट फियाटपर्यंत पोचलो.

आपल्या भागाचा इंजिन आणि पाण्याशी संबंध तसा जुना. अंबरनाथजवळचं काकोळ्याचं धरण जीआयपी रेल्वेने बांधलं ते वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून. लोक अजूनही त्याला जीआयपी टँक म्हणतात. (तेच पाणी आता 'रेलनीर'च्या बाटलीतून आपण विकत घेतो.) फरक एवढाच, की तिथे पाणी उकळण्यासाठीच हवं होतं. मोटारीत सगळा खटाटोप ते उकळू नये म्हणून!

तर फियाट. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली सुरू झाली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनायची, सत्तरच्या दशकात तिचंच नाव 'पद्मिनी' झालं. १०८९ सीसीचं साधं, सरळ इंजिन, पण मूळ आखणी इटलीतली. रेडिएटरचा पंखा पट्ट्याने इंजिनालाच जोडलेला, म्हणजे इंजिन हळू तर पंखाही हळू. सिग्नलला उभ्या टॅक्सीला समोरून वारा नाही, आणि नेमका तेव्हाच पंखा सुस्त. खंडाळ्याच्या घाटात वेगळी रड: इंजिनावर पूर्ण भार, पण गाडीला वेग नाही म्हणून वारा नाही. बॉनेट उघडून घाटात थांबलेल्या फियाट आपल्या आईबाबांच्या पिढीने भरपूर पाहिल्यात.

त्यात कूलंट वगैरे लाड नव्हते. नळाचं नाहीतर बोअरचं पाणी ओतायचं. त्यातले क्षार आणि इंजिनाचा गंज यांचा गाळ साचायचा, आणि थर्मोस्टॅट अडकायचा. थर्मोस्टॅट म्हणजे मेणावर चालणारी एक झडप. इंजिन थंड असताना ती बंद असते, पाणी आतल्या आतच फिरतं. ऐंशी-पंच्याऐंशी अंशांच्या आसपास मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जातं. ती बंद अवस्थेत अडकली की खेळ खलास. टॅक्सीवाल्याची दिवसाची कमाई बुडाली.

अशा वेळी ती झडपच काढून टाकली तर? इंजिन तापायला वेळ लागायचा, झीज आणि पेट्रोल थोडं वाढायचं. पण मुंबईत थंडी ती कितीशी, आणि कार्बोरेटर काही तापमान मोजून पेट्रोल सोडत नव्हता. त्या काळच्या हिशेबात निर्णय चोख होता. मी तरी त्या मेकॅनिकला हसणार नाही.

पुढे गाड्या बदलल्या, पॅच तसाच राहिला. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तिचा पंखा विजेवर, गरज पडली की आपोआप सुरू होणारा. २००० साली 'इंडिया २०००' हे प्रदूषणाचे नियम आले आणि कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. (मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.) आता ईसीयू पाण्याचं तापमान बघून पेट्रोल ठरवतो. थर्मोस्टॅट नसेल तर मोकळ्या हायवेवर इंजिन पुरेसं तापतच नाही. ईसीयूला वाटतं, गाडी आत्ताच सुरू झालीये, आणि तो जास्तीचं पेट्रोल देत राहतो. अ‍ॅव्हरेज पडतं आणि स्कॅनरवर 'पी०१२८' हा एरर येऊ शकतो.

त्याहून वाईट म्हणजे, मूळ बग झाकला जातो. अंबरनाथच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये काटा चढतो आणि बदलापूरच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर उतरतो? पंखा, त्याचा फ्यूज, रिले बघा. उलट शहरात ठीक आणि घाटात गरम? रेडिएटर चोंदलाय, किंवा वॉटर पंप दमलाय. बाहेर थेंबभर गळती नाही तरी कूलंट कमी होतंय, टाकीत बुडबुडे आहेत, मागून पांढरा धूर येतोय? हेड गॅस्केट. थर्मोस्टॅट काढल्याने यातलं काहीही दुरुस्त होत नाही, उलट हेड गॅस्केटचं बिल चार महिन्यांनी व्याजासकट येतं.

काट्यावरही आंधळा विश्वास नको. बऱ्याच नव्या गाड्यांत तो मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो, काही छोट्या गाड्यांत तर काटाच नाही, नुसता लाल दिवा. आणि कूलंट पार संपलं की सेन्सर कोरडा पडतो, मग इंजिन भाजत असताना काटा खाली येऊ शकतो. आणि हो, गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका! झाकणाच्या दाबामुळे आतलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं. झाकण उघडताच ते उसळून थेट अंगावर.

मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढलाच, तर तो मागून घ्या. पातेल्यात पाणी घेऊन दोऱ्याने त्यात टांगा, गॅस लावा. उकळी फुटायच्या आधी झडप उघडली आणि थंड झाल्यावर पुन्हा मिटली तर बिचारा निर्दोष आहे, परत बसवायला सांगा. उकळी येऊनही ढिम्म राहिला तर नवा घ्या. पातेलं मात्र चहाचं नको :)