रीळ परत गुंडाळणे

* ३५ मिमी फिल्म संपली की ती डबीत परत गुंडाळावी लागे. त्याआधी बटण दाबून किंवा कळ फिरवून आतलं दातेरी चाक मोकळं करायचं. एका मित्राने ते न करताच जोर लावला, म्हणून फिल्मच्या कडेची भोकं फाटली. लायका एम-३ कॅमेऱ्याची (१९५४) गुंडाळण्याची गोल खुंटी दणकट, पण फिरवून फिरवून बोटं दुखत. निकॉन एफचं (१९५९) घडीचं हँडल झटपट फिरे. कॅमेरा आपटला तर मात्र आधी वाकणार तेच. कोरड्या हवेत घाईने गुंडाळल्यास स्थिर विजेच्या रेघा फिल्मवर उमटतात. मद्राससारख्या ठिकाणच्या दमट हवेत ती भीती कमी. तिथे जिलेटिन फुगून फिल्म चिकटण्याचीच धास्ती. आग्फा क्लिक-३ कॅमेऱ्याला परत गुंडाळण्याचा हा व्यापच नव्हता, त्यातली १२० आकाराची फिल्म एका रिळावरून सरळ दुसऱ्यावर जाई.