थांबण्याची किंमत



शिरूर आणि दौंड ही पुणे जिल्ह्यातील दोन तालुक्यांची ठिकाणे. एक घोड नदीच्या काठी, पुण्याहून नगरला जाणाऱ्या सडकेवर. दुसरे भीमेच्या काठी, दोन लोहमार्ग मिळतात तेथे. या गावांतही आज अनेक घरांत आणि दुकानांत मेजावर एक छोटासा संगणक बसलेला आढळतो. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एम.एस.-सी.आय.टी. हा अभ्यासक्रम सुरू झाला आणि संगणकाची ओळख तालुक्याच्या गावापर्यंत पोचली. आता त्या यंत्रावर दुधाचा नि उसाचा हिशेब लिहिला जातो, मुलांचा अभ्यास होतो, आणि २०१८ पासून निघू लागलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबाराही त्यावरच उतरवून घेता येतो.

या यंत्रांपैकी पुष्कळांवर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी एक संकट आले. त्या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा नित्याचा सांभाळ संपविला. यंत्रे त्यामुळे बंद पडली नाहीत. परंतु प्रणालीत सापडणारी सुरक्षिततेची छिद्रे फुकट आणि आपोआप बुजविली जाण्याची सोय संपली. पुढची प्रणाली, म्हणजे २०२१ साली आलेली विंडोज ११, घालावी म्हटले तर तिला टी.पी.एम. २.० ही सुरक्षेची योजना लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे २०१७ नंतरचा हवा. म्हणजे कालपर्यंत नीट चालणारे यंत्र नव्या कायद्याने वयातीत ठरले. ते बदलावे की आणखी काही काळ थांबावे, हा प्रश्न घराघरांत उभा राहिला. तो वरवर बाजारहाटाचा दिसतो. पण त्याला मोठा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा बराचसा भाग आपल्याच मुलखात घडला आहे.

नवे यंत्र केव्हा घ्यावे हा प्रश्न या भागात प्रथम आला तो आगगाडीबरोबर. मुंबई-पुणे लोहमार्गातील सर्वांत बिकट अडथळा म्हणजे बोरघाट. घाटातील मार्ग पुरा झाला १८६३ साली. परंतु ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने त्याची वाट पाहिली नाही. खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत आणि पुण्यापासून दौंडवरून दिकसाळपर्यंत गाडी १८५८ सालीच धावू लागली. मधला घाट उतारू पालखीत, तट्टावर किंवा पायी ओलांडीत आणि पलीकडे पुन्हा गाडीत बसत. ही व्यवस्था अपुरी होती यात शंका नाही. तथापि घाट पुरा होईपर्यंत रूळ गंजत ठेवण्यापेक्षा ती शतपटीने बरी होती. पाच वर्षांचा उपयोग पदरात पडला. अपुरे परंतु आज उपयोगी पडणारे साधन हाती घेण्याचा हा पहिला धडा होय.

दुसरा धडा याच्या उलट आहे. १९२९ साली कल्याण-पुणे मार्गावर विजेची गाडी आली आणि पुढल्याच वर्षी दख्खनची राणी दिमाखाने धावू लागली. वीज मात्र पुण्यास येऊन थांबली. पुढे जेमतेम पंचाहत्तर किलोमीटरांवर असलेल्या दौंडला प्रथम कोळशाच्या आणि मग डिझेलच्या इंजिनावर भागवावे लागले. पुणे-दौंड मार्गावर विजेच्या तारा आल्या त्या २०१७ साली. अठ्ठ्याऐंशी वर्षांची ही प्रतीक्षा! तिचा एक लाभही झाला, तो नाकारता येणार नाही. पुण्यापर्यंत आलेली वीज पंधराशे व्होल्टची, एकदिश प्रवाहाची होती. १९५७ साली भारतीय रेल्वेने पंचवीस हजार व्होल्टची प्रत्यावर्ती पद्धत स्वीकारली, आणि जेथे जुनी पद्धत रुजली होती तेथे ती उखडून नवी घालावी लागली. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर ते किचकट काम २०१६ पर्यंत पुरले. दौंडला नवी पद्धत एकदमच मिळाली. दोनदा खर्च पडला नाही.

मग दौंडने थांबून शहाणपण केले असे म्हणावे काय? तसे म्हणता येत नाही. दौंडकरांनी ती वाट हिशेब करून पाहिली नव्हती. ती त्यांच्या वाट्याला आली होती. ठरवून थांबणे आणि नुसते राहून जाणे या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात, परंतु पहिलीत माणूस काळाचा धनी असतो आणि दुसरीत काळ माणसाचा. शिरूरकडे पाहा. नगरकडे जाणारा लोहमार्ग १८७८ साली दौंडवरून मनमाडला गेला. शिरूर बाजूला राहिले. आगगाडीची वाट पाहत गाव बसून राहिले असते, तर अजूनही बसूनच राहिले असते. परंतु त्याने हाताशी असलेल्या सडकेवर आपला व्यवहार उभारला, आणि रांजणगावची औद्योगिक वसाहतही त्याच सडकेच्या आधाराने वाढली. उत्तम मिळेपर्यंत मध्यमाचा पुरेपूर उपयोग करणे, ही काही कमीपणाची गोष्ट नव्हे.

आता प्रत्यक्ष संगणकाकडे वळू. त्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण कोणतेही दुसरे यंत्र इतक्या वेगाने जुने झालेले नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन यांच्या गटाने टिफ्रॅक हा संगणक बांधला. तो १९६० साली पूर्णपणे कामास लागला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. पण तो पुरा होईतो जगात ट्रान्झिस्टरचे युग सुरू झाले होते, आणि १९६४ साली त्याच संस्थेत परदेशी बनावटीचा सी.डी.सी. ३६०० हा कितीतरी वेगवान संगणक आला. नळ्यांऐवजी ट्रान्झिस्टरची वाट पाहिली असती तर? यंत्र अधिक चांगले झाले असते, परंतु संगणक बांधण्याची नि चालविण्याची विद्या शिकलेली माणसे त्या वर्षी तयार नसती. यंत्राचे आयुष्य काही वर्षांचे होते. त्यापासून मिळालेले शिक्षण मात्र पुढे कामी आले.

१९६५ साली गॉर्डन मूर यांनी असे भाकीत केले की, एका चिपवर मावणाऱ्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत जाईल. १९७५ साली त्यांनी ही मुदत दोन वर्षांची केली. यातूनच ग्राहकांत एक समजूत रूढ झाली की, जो थांबतो तो जिंकतो. १९९९ साली अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठातील काही संशोधकांनी या समजुतीचे गणितच मांडले. वेग दर अठरा महिन्यांनी दुप्पट होतो असे धरू. एखादी आकडेमोड आजच्या यंत्रावर अठ्ठेचाळीस महिने चालणार असेल, तर अठरा महिने स्वस्थ बसून मग दुप्पट वेगाच्या यंत्रावर ती चोवीस महिन्यांत उरकावी. एकूण बेचाळीस महिने होतात, म्हणजे सहा महिन्यांची बचत. परंतु काम मुळात बारा महिन्यांचे असेल, तर अठरा महिने थांबून ते सहा महिन्यांत केले तरी एकूण चोवीस महिने जातात. आजच आरंभ केला असता तर ते केव्हाच हातावेगळे झाले असते. त्यांच्या गणिताने ही सीमारेषा सुमारे सव्वीस महिन्यांवर पडते. त्याहून लहान कामासाठी थांबणे तोट्याचे. आता सांगा, आपल्या घरात असे कोणते काम आहे की जे संगणकाला सव्वीस महिने अखंड गुंतवून ठेवील? दुधाचा हिशेब नव्हे, मुलीचा प्रवेशअर्जही नव्हे.

शिवाय ज्या गृहीतावर ही समजूत उभी होती ते गृहीतच पुढे डळमळले. २००४ साली इंटेल कंपनीने चार गिगाहर्ट्झचा पेंटियम-४ आणण्याचा बेत सोडून दिला. वेग वाढवावा तशी उष्णता अनावर होऊ लागली होती. त्यानंतर चिपमधील गाभ्यांची संख्या वाढली, परंतु घरगुती कामाला जाणवेल अशी वेगाची उडी विरळ झाली. थांबले की स्वस्त मिळते, हा नियमही अबाधित राहिला नाही. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणककेंद्रांनी मेमरीची मागणी इतकी वाढविली की रॅमचे भाव उतरण्याऐवजी चढले. वर्षभर थांबलेल्या गिऱ्हाइकाला तीच वस्तू अधिक पैसे मोजून घ्यावी लागली.

तर मग उतावळेपणाने नवीनच घ्यावे, असा याचा अर्थ नाही. बदलणे आणि थांबणे यांच्यामध्ये एक तिसरा मार्ग आहे, आणि त्याचे उत्तम उदाहरण शिरूरच्या वायव्येस, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे आहे. तेथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. पुढे ही दुर्बीण अधिक समर्थ करावयाची ठरली, तेव्हा तबकड्या मोडल्या नाहीत. त्या उभ्या ठेवून शास्त्रज्ञांनी ग्राहकयंत्रे आणि येणाऱ्या संकेतांची आकडेमोड करणारी व्यवस्था बदलली. एका वेळी टिपता येणारा तरंगपट्टा बत्तीस मेगाहर्ट्झचा होता, तो चारशेपर्यंत गेला. जो भाग अडवीत होता तेवढाच बदलला. जो झिजला नव्हता तो राखला.

मेजावरच्या छोट्या पेटीलाही हाच न्याय लावावा. तिच्यात फिरत्या चकतीची हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसविताच यंत्र तरतरीत होते. रॅम चार गिगाबाइट असेल तर ती आठ केल्याने पुष्कळदा काम भागते. लिनक्ससारखी मोफत प्रणाली जुन्या यंत्रावरही चालते आणि तीत मराठी लिहिता-वाचता येते. फक्त आपला हिशेबाचा प्रोग्रॅम तिच्यावर चालतो की नाही, ते आधी पाहावे. मात्र प्रत्येक पेटी उघडून सुधारता येईलच असे नाही. ॲपलचा २०२० सालचा एम-१ चिपचा मॅक मिनी घ्या. त्याची रॅम चिपलाच जोडलेली असल्याने ती मागाहून वाढविता येत नाही. अशा यंत्राची थोरवी कमी नाही, पण ते घेतानाच पुढील पाच-सात वर्षांचा विचार करावा लागतो.

एवढ्या इतिहासातून व्यवहाराला उपयोगी असे तीन प्रश्न निघतात. पहिला : यंत्रामुळे आज माझे कोणते काम अडते आहे? काहीच अडत नसेल, आणि सुरक्षिततेची दुसरी तजवीज होत असेल, तर नव्याचा हव्यास धरू नये. दुसरा : जो भाग अडवितो तो एकटाच बदलता येईल काय? येत असेल तर सबंध यंत्र का टाकावे? तिसरा : थांबायचे असेल तर कशासाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत? या शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर ते थांबणे नव्हे, ती नुसती दिरंगाई. ज्या यंत्रावर बँकेचा व्यवहार होतो त्याच्या बाबतीत तर ती घातकच. तेथे तहान लागल्यावर विहीर खणून चालत नाही.

यंत्राची किंमत दुकानदार पावतीवर लिहून देतो. थांबण्याची किंमत कोणी लिहून देत नाही. ती बुडालेल्या दिवसांत, चुकलेल्या मुदतीत आणि मुलांच्या खोळंबलेल्या अभ्यासात हळूहळू वसूल होते. ती आपली आपणच मांडावी लागते. दोन्ही रकमा शेजारी-शेजारी लिहून ज्याने बेरीज केली, त्याने नवे यंत्र घेतले काय किंवा जुनेच आणखी एक वर्ष चालविले काय, त्याचा निर्णय योग्यच म्हटला पाहिजे.