उंचीचा वाद
उंची वारशाने येते, हे सर्वमान्य होते. कशी येते, यावरून विसाव्या शतकारंभी इंग्लंडमध्ये दोन तट पडले. मेंडेलवाद्यांना वाटाण्यासारखे ठळक भेद हवे होते. कार्ल पिअर्सन यांच्या संख्याशास्त्रीय पंथाला माणसांची सलग चढती उंची त्या नियमांत बसेना. शाळेत शिकवणाऱ्या रोनाल्ड फिशर यांनी दाखवले की, अनेक घटकांचे लहान परिणाम एकत्र आले, तर मेंडेलच्याच नियमांतून ही सलगता उपजते. रॉयल सोसायटीने १९१६ मध्ये निबंध परीक्षणास दिला तो पिअर्सन आणि मेंडेलवादी पनेट यांच्याकडे, म्हणजे दोन्ही तटांकडे! दोघेही राजी नव्हते. अखेर १९१८ मध्ये तो एडिनबरोहून प्रसिद्ध झाला, तोही लिओनार्ड डार्विन यांच्या साहाय्याने. चार्ल्स डार्विन यांचे हे पुत्र सुप्रजननवादी संस्थेचे अध्यक्ष. फिशरही त्याच मताचे. हा डाग पुसता येत नाही. २०२२ मध्ये सुमारे ५४ लाख माणसांच्या अभ्यासात उंचीशी निगडित १२,१११ जनुकीय भेद सापडले.